डबी आणि आमचे व्याही

आमच्या व्याह्यांइतकं सावकाश जाऊन पहिला येणारा माणूस मी उभ्या आयुष्यात दुसरा पाहिलेला नाही. माझ्याइतकं घाईनं जाऊन शेवटचा येणारा माणूस त्यांनी पाहिलेला नाही, असं तेही चारचौघांत सांगतात, आणि मुलीचा बाप म्हणून मी ते हसून घेतो. ही पळण्याची गोष्ट नव्हे. आम्हा दोघांच्या गुडघ्यांनी तो विषय केव्हाच बंद केला आहे. ही टीव्हीवरच्या मोटारींच्या शर्यतीची गोष्ट आहे, जी पोरासोरांनी खेळावी आणि थोरांनी 'डोळे फुटतील' म्हणून ओरडावं अशी आजवर माझी समजूत होती. लेकीचं स्थळ पाहताना आम्ही चौकशीत काही बाकी ठेवलं नव्हतं. मुलाला व्यसन आहे का, रागीट आहे का, आईच्या शब्दाबाहेर जातो का, सगळं चार ठिकाणी विचारून घेतलं. मुलाच्या वडिलांना काही नाद आहे का, हे मात्र कुणालाच विचारायचं सुचलं नाही. सुचलं असतं तरी श्रीरामपुरात खरं कुणी सांगितलं नसतं. एवढा भारदस्त माणूस, साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात जन्म काढलेला, ज्याच्यापुढे भले भले बागायतदार 'माझ्या उसाची तोड कधी' म्हणून हात जोडून उभे राहायचे, तो निवृत्तीनंतर बनियनवर बसून खोट्या मोटारी पळवतो हे कोण कशाला सांगेल?

आम्हाला कळलं ते पहिल्या दिवाळीला. लग्नानंतर पोरं नोकरीसाठी चेन्नईला गेली होती आणि जावयाचा कॉलेजातला तो खेळायचा खोका श्रीरामपूरच्या घरीच राहिला होता. मी आणि बायको फराळाचे डबे घेऊन दारात उभे राहिलो. विहीणबाईंनी दार उघडलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मला वाटलं, व्याह्यांची तब्येत बरी नाही. मी चेहरा गंभीर करायला घेतला, तेवढ्यात त्या हळूच म्हणाल्या, "शेवटची फेरी चाललीय. टायर गेल्यात." आत व्याही खुर्चीच्या कडेवर बसलेले, चष्मा नाकाच्या शेंड्यावर, हातात ते बटणांचं यंत्र, ज्याला पोरं कंट्रोलर म्हणतात आणि ते 'हँडल' म्हणतात. मान न वळवता म्हणाले, "या पाव्हणं, बसा. ह्या निळ्याला तेवढं थांबू द्या, मग बोलू." व्याह्यांनी आपलं स्वागत असं करावं याचं बायकोला वाईट वाटलं. मला वाईट वाटायला वेळच मिळाला नाही, कारण मी पडद्याकडे पाहत होतो. चकचकीत, जमिनीला चिकटलेल्या, गुरगुरणाऱ्या गाड्यांच्या घोळक्यात एक सायीच्या रंगाची, चौकोनी, बुटकी गाडी चालली होती. आमच्या घरचा मसाल्याचा डबा तिच्याहून ऐटबाज आहे. तिचं नाव व्याह्यांनी 'डबी' ठेवलं होतं.

हा खेळ सुरू करणाऱ्या प्रत्येकाला सगळ्यात आधी हीच गाडी मिळते. शाळेत पहिल्या दिवशी पाटी मिळावी तशी. लोक एक-दोन शर्यती कशाबशा काढतात आणि बरी गाडी हाताला लागली की हिला विसरून जातात. व्याही विसरले नाहीत. शर्यती जिंकून जिंकून बक्षिसात मिळालेल्या नाना देशांच्या गाड्या त्यांच्या पडद्यावरच्या गॅरेजात उभ्या आहेत, पण चांदीच्या ताटांसारख्या, फक्त पाहायला. त्यांना बाहेर काढतात ते एका दसऱ्याला. त्या दिवशी व्याही आंघोळ करून टीव्हीपुढे बसतात, एकेक गाडी पडद्यावर आणतात आणि विहीणबाई टीव्हीच्या खालच्या पट्टीला हळदकुंकू लावून पुढे झेंडूचं फूल ठेवतात. काच पुसायला सोपी पडते म्हणून प्रत्येक गाडीला वेगळं कुंकू नाही. फक्त डबीच्या पाळीला नारळ फुटतो. एवढ्या गाड्या असताना ही का, असं मी एकदा विचारलं, तेव्हा त्यांनी माझ्याकडे तोडीची तारीख चुकलेल्या शेतकऱ्याकडे पाहावं तसं पाहिलं. "पाव्हणं, मोठ्या गाडीत मानूस गाडीला सांभाळीत बसतो. हिच्यात गाडी आपल्याला सांभाळती. हिला जोरच न्हाई, मग ती चुकनार कुटं?"

त्यांचं सगळं शास्त्र कारखान्याच्या आवारातून आलेलं होतं. उसाचे ट्रक, ट्रॅक्टर आणि बैलगाड्या यांच्या पाळ्या लावण्यात त्यांची हयात गेलेली. "ट्रकवाला भज्यांना थांबतो, ट्रॅक्टरवाला गानी लावाया थांबतो. बैलगाडी कुटं थांबती? म्हनून ती पहाटं वजनकाट्यावर हजर." या एका सिद्धांतावर ते जगातले सगळे ट्रॅक जिंकत होते. मोठ्या गाड्या पेट्रोल पितात, टायर खातात, मग त्यांना मधे पिटात, म्हणजे टायर बदलायच्या आणि पेट्रोल भरायच्या जागी, दोन-दोनदा थांबावं लागतं. डबी एकदा थांबते, कधी थांबतच नाही. सरळ रस्त्यावर ती एखाद्या धिप्पाड गाडीच्या अगदी मागे जाऊन वाऱ्याच्या आडोशाला बसते आणि तिच्या जिवावर फुकट ओढली जाते. वळण यायच्या खूप आधी व्याही पेट्रोलवरचं बोट उचलतात आणि विहीणबाईंकडे पाहून म्हणतात, "उतार हाय, इंजिन कशाला?" घरातून बाहेर पडताना दिवे बंद करणाऱ्या माणसाचा आनंद त्या वेळी त्यांच्या तोंडावर असतो. आणि डबी पिटात शिरली की ते मोठ्यानं "थांबाऽ" म्हणून हाक देतात. त्या हाकेसरशी विहीणबाई चहाचा कप घेऊन स्वयंपाकघरातून निघतात. पडद्यावर चार माणसं टायर बदलतात तेवढ्यात व्याही बशीतून दोन घोट घेतात, गाडी निघते, कप परत जातो. कितव्या फेरीला दूध ठेवायचं हे त्या माउलीला पाठ आहे. एकदा व्याह्यांनी थांबा एक फेरी पुढे ढकलला तर त्या आतून म्हणाल्या, "अवो, उतू गेलं ना! आधी सांगायचं न्हाई व्हय?"

आता माझ्याबद्दल. मी नगरला एका शाळेत भूगोल शिकवतो, सावेडीत राहतो आणि खरोखरीच्या रस्त्यावर एक जुनी छोटी गाडी अशा वेगानं चालवतो की मनमाड रोडवर मला सायकलवाले हात दाखवून पुढे जातात. त्यामुळे व्याह्यांनी पहिल्यांदा दुसरं हँडल माझ्या हातात दिलं, तेव्हा मी त्यांच्या गॅरेजातली सगळ्यात लाल, सगळ्यात रुंद आणि सगळ्यात मोठ्यानं ओरडणारी गाडी मागून घेतली. पडद्याचे दोन भाग झाले, वर ते, खाली मी. शर्यत सुरू झाली आणि पहिल्याच वळणावर मी भिंतीत गेलो. तिथून निघालो तो समोरच्या भिंतीत. मग बराच वेळ रस्ता मोकळा मिळाला म्हणून मी खूश होतो, तर पडद्यावर लाल बाण लुकलुकायला लागला. व्याही सौम्यपणे म्हणाले, "पाव्हणं, तुमी माघारी चाललाय." तीस वर्षं पोरांना दिशा शिकवणारा मी! समोरून येणाऱ्या सगळ्या गाड्या मला चुकवत होत्या, त्यात डबी येताना दिसली आणि मी अदबीनं बाजूला झालो.

परतीच्या एस.टी.त बायको माझ्या कानाशी लागली. "एक बरं केलंत. हरलात ते. ते मुलाकडचे आहेत, त्यांना हरवायचं नसतं. पुढेही ध्यानात ठेवा."  त्या क्षणी माझ्या लक्षात आलं की माझ्या नालायकीला घरातूनच एक प्रतिष्ठित नाव मिळालं आहे. पुढची दोन-तीन वर्षं मी श्रीरामपूरला जायची निमित्तं काढत होतो. कधी विहीणबाईंनी मागवलेली चटणी, कधी अधिक महिन्यातले अनारसे. दर वेळी हरून येत होतो आणि बायको शेजाऱ्यांना सांगत होती, "हे मुद्दाम हरतात. मान ठेवायला नको का?" शेजारीण डोळे भरून माझ्याकडे पाहायची. मीही मान ठेवणाऱ्या माणसाचा चेहरा करून गॅलरीत उभा राहायचो.

या माणसाला खरीखुरी मोटार चालवता येत नाही, हे सांगितलं तर खोटं वाटेल. त्यांनी जन्मभर मोपेड फिरवली. पण माझ्या शेजारच्या सीटवर बसले की डबीचं सगळं शास्त्र ते माझ्या गाडीला लावतात. गेल्या उन्हाळ्यात श्रीरामपूरहून नगरला एका नात्यातल्या लग्नाला आम्ही चौघं माझ्या गाडीनं निघालो. पंपावर मी टाकी भरायला सांगितली तर म्हणाले, "अर्धी बी नको, नगरपुरतीच भरा. भरल्या टाकीचं वजन गाडीच ओढती ना?" मी भरली तेवढीच; मुलाकडचे ना ते. राहुरीच्या पुढे एक टँकर लागला. "ह्याला सोडू नका. आडोसा हाय." नगरपर्यंत मी त्या टँकरच्या धुरात गाडी घातली होती. मागे बसलेल्या बायकोची पोपटी पैठणी एमआयडीसी येईपर्यंत राखाडी झाली आणि एमआयडीसीपाशीच पेट्रोल संपलं. दोघी बायका रस्त्याच्या कडेला उभ्या, मी बाटली घेऊन पंप शोधायला निघालेलो आणि व्याही काच खाली करून शांतपणे म्हणताहेत, "हिशेब बरोबर हुता. वैनींचा शंकरपाळ्यांचा डबा धरला न्हवता मी." अक्षता हुकल्या. पंगत सापडली. पहिला घास घेताना ते माझ्याकडे झुकून म्हणाले, "बगा, थांबा योग्य ठिकानी पडला."

अशा या माणसाची एक शर्यत राहिली होती. डोंगरातल्या ट्रॅकवरची लांब शर्यत, तासभर चालणारी. बाकी सगळ्या त्यांनी डबीत बसून जिंकल्या होत्या, हीच तेवढी हाताला लागत नव्हती. कधी दुसरे, कधी तिसरे, एकदा तर रेषा दिसत असताना पेट्रोल संपलं. मोठी गाडी घेतली असती तर ही शर्यत एका रविवारात खिशात पडली असती. मी तसं सुचवलं तर म्हणाले, "मग ती जिंकली म्हनायचं. आमी न्हाई." आणि नेमकं त्याच सुमारास ठरलं की नुकत्याच झालेल्या नातवाला सांभाळायला दोघांनी चेन्नईला जायचं. चार दिवसांसाठी नव्हे, मुक्कामालाच. श्रीरामपूरचं घर भाड्यानं द्यायचं. तिकडं गेल्यावर पोरगं मांडीवर असेल, तासभर हँडल कोण धरू देणार? त्यांनी बोलून दाखवलं नाही, पण जायच्या आधीच्या रविवारी आम्ही आवराआवर करू लागायला गेलो, तेव्हा घरातलं झाडून सगळं बांधून झालं होतं आणि रिकाम्या हॉलमध्ये टीव्ही तेवढा लावलेला होता. दोन पोत्यांवर दोन हँडलं ठेवली होती. "बसा पाव्हणं. आज ती काढायची. आनि आज तुमी माझ्या बाजूनं."

बेत साधा होता. माझी लाल गाडी त्यांनी काढून घेतली आणि एक रुंद, कपाटासारखी गाडी मला दिली. "तुमाला काय करायचं न्हाई. सरळ जायचं आनि वारा अडवायचा. मी तुमच्या मागं. शेवटच्या सरळीला डावीकडं व्हा, मी पुढं जाईन." वारा अडवण्यासाठी माझी निवड झाल्याबद्दल बायकोला फारसं आश्चर्य वाटलं नाही. शर्यत सुरू झाली. मी फक्त दोनदा भिंतीला लागलो, तेही ओझरतं. निम्मी शर्यत झाली आणि पडद्यावर पाऊस आला. सगळ्या गाड्या पावसाळी टायर घालायला पिटात पळाल्या. विहीणबाई, ज्यांनी एक पातेलं आणि चार कप मुद्दाम बाहेर ठेवले होते, चहा घेऊन दारात आल्या. "अवो, थांबा?" व्याही हलले नाहीत. "हा पाऊस आपल्याकडचा हाय. येतो म्हनतो आनि जातो." कप परत गेला. मला थांबायचं होतं, पण पिटाचं तोंडच सापडेना. एका फेरीला डावीकडे गेलं, दुसऱ्या फेरीला दिसेपर्यंत मागे पडलं. आणि पाऊस खरंच गेला! ढग आले, चार थेंब टाकले आणि नगर जिल्ह्याला शोभेल असे निघून गेले. ज्यांनी पावसाळी टायर घातले होते ते सगळे टायर बदलायला पुन्हा पिटात गेले आणि जेव्हा मी डोळे पुसून पाहिलं तेव्हा माझ्या कपाटाच्या पुढे कुणी नव्हतं. पहिला मी. दुसरी डबी. मागे, बऱ्याच मागे, तो निळा.

व्याह्यांचा श्वास मला ऐकू येत होता. आतून बायको आणि विहीणबाई येऊन मागे उभ्या राहिल्या होत्या. शेवटचं वळण झालं, सरळ रस्ता आला, टोकाला रेषा दिसू लागली. डावीकडं व्हायचं, एवढंच माझं काम. मी झालो. डबी शेजारी आली, पण तिच्यात जीव तो किती, पुढे जाईना. आम्ही बरोबरीनं रेषेकडे निघालो, आणि माझ्या मनात आलं, आपणच जर आधी पोचलो तर? एवढी वर्षं जपलेला मान, आणि जायच्या आधीच्या रविवारी मुलीच्या बापानं तो घालवावा? पाठीमागे बायकोचा खाकरण्याचा आवाज आला. मी ब्रेक दाबला. गाडी रेषेच्या अलीकडे थांबली. आणि पाहतो तर शेजारी डबीही थांबलेली!

"तुम्ही व्हा पुढे," मी म्हणालो.

"न्हाई न्हाई, तुमी व्हा."

"छे, असं कसं? तुमचा मान."

"तुमी आधी पोचलाय पाव्हणं, तुमी जा."

मागून विहीणबाई कळवळून म्हणाल्या, "जाऊ द्या की त्यांना. मीच सकाळी सांगितलंय ह्यांना, कायमचं चाललोय, एकदा तरी त्यांना जिंकू द्या म्हनून. दर बारी हरत्यात बिचारे." पंगतीला पहिल्या पाटावर कुणी बसायचं यावरून दोन म्हातारे अडून बसावेत तसे आम्ही त्या रेषेपुढे अडून राहिलो, आणि आमच्या मधून, दोघांच्या आरशांना न शिवता, निळी गाडी सुळकन निघून गेली. पाठोपाठ पिवळी. मग एक हिरवी, जी दिवसभर कुणाच्या खिजगणतीत नव्हती.

 मग व्याही पोत्यावरून ताडकन उठले आणि ओरडले, "अरे गाढवा, तुला ब्रेक मारायला सांगितला कुनी?"

विहीणबाईंनी पदर तोंडाला लावला. बायकोचा चेहरा पांढरा पडला. मुलाच्या वडिलांनी मुलीच्या वडिलांना गाढव म्हणावं, आणि तेही 'अरे' लावून! आई-वडील गेल्यापासून मला 'अरे' म्हणणारं माणूस उरलं नव्हतं. शाळेत मी सर, घरी अहो, दुकानात साहेब, सासुरवाडीला जावईबापू. आणि माझ्या तोंडून, कसं ते देवाला माहीत, निघून गेलं, "आणि तू? तू काय तिथं आरती ओवाळायला थांबला होतास?"

ते माझ्याकडे पाहत राहिले. मी त्यांच्याकडे. मग त्यांचं पोट हलायला लागलं. ते असे हसले की चष्मा पोत्यात पडला, आणि मी असा हसलो की विहीणबाईंनी चहाऐवजी पाणी आणलं. बायकाही हसत होत्या, पण दबकत, कारण जे झालं ते हसण्यावारी न्यायचं की नाही हे त्यांचं ठरत नव्हतं. शर्यत पुन्हा लावायला वेळ नव्हता. टीव्ही न्यायला टेम्पो दारात आला होता. वायर गुंडाळता गुंडाळता ते एकदाच म्हणाले, "ऱ्हायली ती ऱ्हायली." चहा आला तेव्हा आम्ही दोघं पुन्हा 'तुम्ही'वर आलो होतो. "घ्या पाव्हणं." "आधी तुम्ही." स्टेशनवरही सगळं रीतसर झालं. नारळ, ओटी, हात जोडणं. गाडी हलली तेव्हा ते दारातून म्हणाले, "सांभाळून जावा. टाकी अर्धीच ठेवा."

आता ते चेन्नईला आहेत. मीही एक खोका घेतला आहे, नातू सुटीत येईल तेव्हा त्याला लागेल म्हणून. नातू अजून रांगतो. रविवारी दुपारी तो झोपला की व्याही फोन करतात, फोन स्पीकरवर टाकून पोटाशी ठेवतात, आणि ते तिथून नि मी इथून एकाच ट्रॅकवर उतरतो. ते डबीत, मी कपाटात. ती डोंगरातली शर्यत आम्ही अजून लावलेली नाही. तासभर पोरगं झोपत नाही, असं ते म्हणतात. तिकडे आमची लेक, म्हणजे त्यांची सून, घरात असते म्हणून बोलणं सगळं जपून. "कसं काय पाव्हणं?" "बरं आहे. तुमचं?" "आमचं काय, चाललंय. तुमी पुढं व्हा." घरातल्या थंड झालेल्या चहाच्या कपासारखं ते बोलणं असतं. त्यात काही वाईट नाही, पण त्यात काही नाही. मात्र मी पहिल्या वळणाला चुकून भिंतीत गेलो की फोनमधून न राहवून आवाज येतो, "अरे! अरे, अरे, बग की जरा समोर!" आणि लगेच खोकल्याचं निमित्त.

बायको म्हणते, इतकी वर्षं खेळताय, अजून तेच वळण कसं चुकतं तुम्हाला. तिला काय सांगायचं? ते वळण मला आता डोळे मिटूनही घेता येतं.